नवागामहून बोरीच्या पात्रात

सुरतेत उधन्याच्या पलीकडे, दिंडोलीला लागून नवागाम आहे. दुकानांच्या पाट्या गुजराती, पण ओट्यावर बसलेल्या बायकांचं बोलणं कानावर पडलं की आपण धुळ्यात आहोत की जळगावात, असं वाटावं. लूमच्या खात्यांत, रिंग रोडच्या कापड मार्केटात, साड्यांच्या घडी-पॅकिंगला खान्देशातून माणसं येत गेली आणि इथलीच झाली. आज लिंबायत, उधना, दिंडोली, नवागाम या पट्ट्यात गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. हा भाग ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतो, तिथले खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. कमवायचं सुरतेत आणि सण करायचा गावाकडे, अशी या वस्तीची रीत आहे.

चैत्र सरत आला की नवागामात बॅगा निघायला लागतात. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, गावाकडे लग्नांच्या तारखा धरलेल्या असतात आणि वर अक्षय तृतीया असते. खान्देशात तिला आखाजी म्हणतात आणि तिचा मान दिवाळीएवढा आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराई बसवतात. पितरांच्या नावाने घागर भरली जाते, खापरावर मांडे होतात, सोबत आमरस असतो. त्याच दिवसांत अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. आखाजीला स्तंभारोपण होतं, वैशाख शुद्ध एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात तेवढे दिवस एक वेगळं गाव वसतं.

या यात्रेचे फोटो काढायला मी जातो तो नवागामच्या माणसांबरोबरच. कॅमेरा घेऊन थेट अमळनेरला उतरता येतं, पण मग यात्रा अर्धीच दिसते. तिचा दुसरा अर्धा भाग उधना स्टेशनच्या फलाटावर सुरू होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत उधन्याला जी गर्दी उसळते ती सुरतकरांना नवी नाही. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यासमोर रांग लागते आणि रांगेत माणसांइतकंच सामान असतं. साड्यांचे गठ्ठे, स्टीलच्या डब्यांचे संच, टेबलफॅन, नातवासाठी तीनचाकी सायकल. सुरतेत वर्षभर काय कमावलं ते या सामानावरून कळतं, म्हणून मी फलाटावर माणसं आणि त्यांचं सामान एकाच चौकटीत घेतो. डब्यात शिरल्यावर उजेड फक्त खिडकीचा. खिडकीच्या बाजूला बसलेल्या माणसाचा अर्धा चेहरा उजळतो आणि अर्धा डब्याच्या काळोखात राहतो. अशा वेळी उजेडाचं मोजमाप उजळलेल्या गालावर घ्यावं, नाहीतर कॅमेरा काळोखाला भुलतो आणि खिडकीकडची बाजू पांढरी पडते.

हा रेल्वेमार्ग म्हणजे नवागामच्या जन्माचं अर्धं कारण आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे या नावाने किलिक निक्सन कंपनीने तो बांधला. १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत, म्हणजे सुमारे २५० किलोमीटर, गाड्या धावू लागल्या. पुढे अमळनेरहून जळगावपर्यंतचा फाटा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा होता. म्हणजे सुरतेची ही लाइन सुरुवातीला संपायची तीच मुळी अमळनेरला. खान्देशचा कापूस या रुळांवरून बाहेर गेला आणि पुढे त्याच रुळांवरून खान्देशची माणसं सुरतेच्या कापडाकडे आली. उधना ते जळगाव हा ३०६ किलोमीटरचा मार्ग आता दुहेरी झाला आहे आणि त्यावर विजेची इंजिनं धावतात.

बारडोली जाते, मढी जातं आणि खिडकीतून तिथली प्रसिद्ध खमणी आत येते. व्यारा, सोनगड मागे पडतात आणि नवापूर येतं. या स्टेशनातूनच राज्याची हद्द जाते. फलाटावर एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. उतरून त्यावर बसून फोटो काढून घेणारे प्रवासी प्रत्येक गाडीला असतात. नवागामच्या मुलांना हा बाक फार आवडतो, कारण त्यांच्या घराची दोन्ही गावं त्या एका लाकडी फळीवर भेटतात. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा करत गाडी अमळनेरला लागते तोवर डब्यातलं गुजराती संपलेलं असतं आणि सगळ्यांच्या बोलण्याला गावचा हेल आलेला असतो.

अमळनेर तालुक्याचं गाव आहे, पण मोठा वारसा सांगणारं. १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. प्रतापशेठजींच्या नावाची गिरणी इथे चालली, त्यांच्याच नावाचं हायस्कूल आणि कॉलेज आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथे शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. विप्रो ही कंपनी १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच झालं. या सगळ्याच्या आधीपासून गावाला ओळख आहे ती संत सखाराम महाराजांच्या वाडी संस्थानची. महाराज वारकरी परंपरेतले. त्यांची समाधी बोरीच्या पात्रात आहे आणि त्यांच्या गादीची पायी दिंडी दर आषाढात पंढरपूरला जाते. खान्देशात अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात ते यामुळे.

बोरी ही तापीची उपनदी. वर पारोळा तालुक्यात तामसवाडीला तिच्यावर धरण आहे. वैशाखात अमळनेरला ती वाळू आणि गोट्यांचं मोकळं मैदान होऊन पडलेली असते. त्या मैदानात दुकानांच्या रांगा लागतात. दोन्ही काठांवरून खाली पाहिलं की सगळी मांडणी नकाशासारखी उलगडते. समाधीच्या बाजूला प्रसाद, नारळ, कुंकू, बुक्का. त्यापुढे गोडीशेव, जिलेबी, रेवड्या. मग बांगड्या, खेळणी, पोळपाट-लाटणी, सुपं, कढया, खलबत्ते. आणि सगळ्यात पलीकडे, मोकळ्या जागेवर, आकाशपाळणे. ज्याला यात्रेचा एकच फोटो काढायचा असेल त्याने सकाळी साडेसहाला काठावर उभं राहावं. ऊन तिरपं असतं, पाळण्यांच्या सावल्या वाळूवर लांब पडतात, दुकानदार ताडपत्र्या उघडत असतात आणि झाडलोटीची धूळ उजेडात तरंगत असते. सूर्य समोर ठेवला तर ती धूळ सोनेरी दिसते. सूर्य पाठीशी घेतला तर ती दिसतच नाही.

हीच धूळ कॅमेऱ्याची शत्रूही आहे. पात्रात उभं राहून लेन्स बदलायची नाही हा माझा नियम आहे. एकदा बारीक वाळू आत गेली की सेन्सरवर डाग पडतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोटोतल्या आभाळात तो दिसत राहतो. जवळ दोन कॅमेरे असतील तर एकाला रुंद लेन्स आणि दुसऱ्याला पन्नास मिलिमीटरची लावून ठेवावी. एकच असेल तर पस्तीस मिलिमीटरची लेन्स पुरते. यात्रेत माणसाच्या जवळ जावं लागतं आणि जवळ जावंच.

नऊनंतर ऊन चढतं. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो, आणि वाळूत तो त्याहून जास्त वाटतो. अमळनेर साधारण २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. यात्रा त्याच्या आसपास किंवा थोडी आधी भरते. माथ्यावरच्या उन्हात माणसाचे डोळे भुवयांच्या सावलीत बुडतात, नाकाखाली काळा ठिपका पडतो, पांढरी टोपी पेटल्यासारखी दिसते. पांढरी टोपी आणि पांढरं धोतर पाहून कॅमेरा उजेड कमी करतो आणि उन्हाने रापलेला चेहरा आणखी काळा येतो. म्हणून मोजमाप चेहऱ्यावर घ्यायचं आणि टोपी थोडी पांढरी गेली तर जाऊ द्यायची.

दुपारच्या उन्हातून वाट काढली आहे ती यात्रेतल्या दुकानदारांनीच. पिवळ्या-निळ्या ताडपत्र्या, साड्या जोडून केलेलं छत, कापडी मंडप यांतून ऊन गाळून खाली येतं आणि वाळूवरून परत वर उसळतं. खालून आलेल्या त्या उजेडाने डोळ्यांखालच्या सावल्या भरून निघतात. ताडपत्रीचा रंग मात्र चेहऱ्यावर उतरतो. निळ्या ताडपत्रीखाली माणूस आजारी दिसतो, पांढऱ्या कापडाखाली तजेलदार. बांगड्यांच्या दुकानांवर बहुधा पांढरं किंवा फिकट कापड असतं, गिऱ्हाईक बसलेलं असतं, हात पुढे केलेला असतो आणि लक्ष मनगटाकडे असतं. दुपारी दोन वाजताही तिथे उत्तम फोटो मिळतात. कॅमेरा सावलीत ठेवावा, ओल्या गमछ्यात गुंडाळू नये, आणि मोबाइलवर काढणाऱ्याने तो उन्हात फार वेळ धरू नये. तो तापतो, पडदा मंद होतो आणि कॅमेरा आपला आपण बंद पडतो. माणसानेही बसावं. भेळभत्त्याचा कागद हातात घ्यावा, माठातलं पाणी प्यावं आणि तास-दोन तास नुसतं बघावं.

बसल्या जागी पहिली हाक येते. “भाऊ, मन्हा नातूना एक फोटू काढ ना.” आजी नातवाला पुढे करते, त्याची टोपी सरळ करते, शर्टाचं वरचं बटण लावते. मुलगा दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहतो. मग आजीही शेजारी येते, मग सून, मग शेजारच्या दुकानातली पाहुणी. हसू पुसून सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. शहरात शिकलेल्या फोटोग्राफरला हा क्षण नको असतो. त्याला माणूस बेसावध हवा असतो, कॅमेऱ्याचं भान नसलेला. मला यात्रेने शिकवलं ते नेमकं इथे. माणसं यात्रेला दिसायला येतात. नवे कपडे घालून, नवी चप्पल घालून, मुलाबाळांसह, आपल्या माणसांत आपण नीट उभे आहोत हे दाखवायला येतात. सुरतेत अकरा महिने लूमच्या खडखडाटात किंवा साड्यांच्या ढिगात जो माणूस कुणाच्या नजरेत नसतो, त्याला इथे सगळ्यांनी बघावं असं वाटतं. तो ताठ उभा राहतो तेव्हा तो त्याचा खरा चेहरा देत असतो.

ख्रिस्तोफर पिनी या इंग्लिश मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातल्या नागदा गावात राहून भारतीय फोटोंचा अभ्यास केला. ‘कॅमेरा इंडिका’ हे त्याचं पुस्तक १९९७ साली आलं. त्यात त्याने लिहिलं आहे की शेजाऱ्यांचे त्याने आपल्या पद्धतीने, अर्ध्या अंगाचे आणि सावल्यांचे फोटो काढले, तर ते लोकांना मुळीच आवडले नाहीत. चेहऱ्यावर काळोख कशाला, पाय कुठे गेले, असा त्यांचा आक्षेप. त्यांना हवा होता समोरून, डोक्यापासून पायापर्यंत, नीट मधोमध घेतलेला फोटो. हे वाचलं तेव्हा मला बोरीच्या पात्रातली आजी आठवली. नातवाच्या पायातले नवे बूट फोटोत आले पाहिजेत, हे तिने मला बजावलं होतं. तिची मागणी रास्त होती. बूट यात्रेत घेतलेले होते आणि फोटो त्या खरेदीचाही होता.

पूर्वी हे काम यात्रेतला फोटो स्टुडिओ करायचा. राहुटीत रंगवलेला पडदा टांगलेला, त्यावर बाग, बंगला, तळं. कार्डबोर्डचा चंद्र, लाकडी मोटारसायकल, नटाचं उभं चित्र, त्याच्या खांद्यावर हात ठेवायला जागा. नवविवाहित जोडपी चंद्रावर बसायची. खान्देशातल्या कितीतरी घरांत देवघराशेजारी असे फोटो आहेत, आणि नवागामच्या दहा बाय दहाच्या खोल्यांतही ते भिंतीवर आहेत. आता पडद्याची जागा छापील फ्लेक्सने घेतली आहे आणि छोट्या प्रिंटरवर फोटो दोन-चार मिनिटांत हातात पडतो. रांग मात्र अजून लागते. त्या रांगेतल्या माणसांचे, केस विंचरताना, पदर सारखा करताना, मुलाचं नाक पुसताना, फोटो घेणं मला फार आवडतं. विचारून घेतले तर कोणी नाही म्हणत नाही.

यात्रांचं चित्रण मनापासून केलेल्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक पाहावं. फडाबरोबर राहिल्याशिवाय असे फोटो येत नाहीत. अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या यात्रांमधल्या फिरत्या तंबू टॉकीजमध्ये पडद्याकडे पाठ केली आणि सिनेमा बघणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्या मालिकेला २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. शर्ली अब्राहम यांच्यासह त्यांनी त्याच विषयावर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. अमेरिकेत १९४० साली रसेल ली यांनी कोलोरॅडोतल्या डेल्टा काउंटीच्या जत्रेचे आणि १९४१ साली जॅक डेलानो यांनी व्हरमाँटमधल्या रटलंडच्या जत्रेचे रंगीत फोटो काढले. ते काम सरकारी होतं आणि प्रत्येक फोटोसोबत गाव आणि महिना नोंदलेला होता. म्हणून ऐंशी वर्षांनीही ते फोटो बोलतात. आपल्या यात्रांचे हजारो फोटो आज मोबाइलमध्ये पडून आहेत, पण कुठल्या गावची कुठली यात्रा, कोणतं साल, हे लिहिलेलं नसतं. दर रात्री झोपण्याआधी एवढी नोंद करून ठेवणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

संध्याकाळी सातनंतर यात्रेचा रंग बदलतो. आकाशपाळण्यावर एलईडीच्या माळा पेटतात, टोराटोरा, ब्रेकडान्स, ड्रॅगन गाडी फिरू लागते, मौतच्या कुव्याच्या फळ्या मोटारसायकलच्या फेऱ्यांनी थरथरतात. या दिव्यांची एक खोड आहे. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्याने स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर फार जलद ठेवलं तर फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात. पाळण्याचा फिरता उजेड हवा असेल तर कॅमेरा तिकीटघराच्या कठड्यावर टेकवून पाव ते एक सेकंद शटर उघडं ठेवावं. पाळण्याची चकती होते आणि खाली उभा असलेला माणूस हलला नाही तर स्पष्ट येतो. कुव्यात मात्र उलट करावं. वरच्या कठड्यावरून वाकून, येणाऱ्या मोटारसायकलबरोबर कॅमेरा फिरवत १/६० ला घेतलं तर चालवणारा ठळक येतो आणि फळ्यांच्या रेघा मागे पळतात. फ्लॅश तिथे कधीही मारू नये. वर चढणाऱ्याच्या डोळ्यांवर क्षणभर अंधारी आली तर त्याचा जीव जाऊ शकतो.

खान्देशच्या यात्रा आणि तमाशा यांचं नातं जुनं आहे. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो, म्हणजे ज्या पौर्णिमेला इथे पालखी असते तीच फडांच्या वर्षाची शेवटची रात्र. सात-आठ महिने रोज नव्या गावात कनात ठोकून या दिवसांपर्यंत आलेले कलावंत थकलेले असतात. रंगमंचासमोरून फोटो कुणालाही मिळतात. राहुटीत रंग लावताना, ढोलकी तापवताना, जेवताना घ्यायचे असतील तर आधी फडमालकाला आणि मग त्या त्या कलावंताला विचारावं, आणि नकार आला तर दुसऱ्यांदा विचारू नये. या बायकांचे चोरून काढलेले फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्याचा त्रास त्यांच्या मुलांना शाळेत होतो. चांगल्या फोटोसाठी सुद्धा एवढी किंमत दुसऱ्याने मोजू नये.

एकादशीच्या रात्री रथ निघतो. गावच्या अरुंद गल्ल्यांतून हा उंच लाकडी रथ माणसं ओढतात आणि रात्र त्यातच सरते. रथाला ब्रेक नसतो, स्टिअरिंग नसतं. चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवून त्याला थांबवतात, वळवतात. मोगरी लावणारा माणूस वाकून चाकाच्या अगदी जवळ चालतो आणि नेमक्या क्षणी ती टाकून हात मागे घेतो. जयघोष, टाळ, मृदंग, फुलं, दिवे हे सगळं वर असतं. रथाचा प्राण मात्र खाली, या माणसाच्या हातांत आणि डोळ्यांत असतो. मी गर्दीबरोबर पुढे धावत नाही. वळणाच्या कोपऱ्यावर एखाद्या घराच्या ओट्यावर, घरच्यांची परवानगी घेऊन, आधीच जागा धरतो. तिथे रथाला वेळ लागतो आणि मोगरीवाल्यांचं सगळं कसब तिथे दिसतं. आयएसओ ३२०० पर्यंत, एफ २, शटर १/१२५, एवढ्यावर दिव्यांच्या उजेडात चेहरे येतात. दोरापासून आणि चाकापासून लांब राहावं. फोटोसाठी वाटेत उभा राहणारा माणूस मोगरीवाल्याचं लक्ष विचलित करतो, आणि तिथे चूक होऊन चालत नाही.

तिथीची यात्रा फोटोग्राफरला आणखी एक सोय करून देते. एकादशीचा चंद्र दुपारीच उगवलेला असतो, रथ निघतो तेव्हा तो वर असतो आणि उत्तररात्री मावळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता पूर्वेला येतो, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं अशी मिळतात की आभाळात अजून निळाई असते, पाळण्यांचे दिवे लागलेले असतात आणि चंद्र क्षितिजावर असतो. पंचांग उघडलं की ही वेळ कळते. पश्चिमेच्या उंच जागेवर उभं राहून पूर्वेकडे पाहिलं की समाधी, दुकानांचे दिवे आणि चंद्र एकाच फोटोत बसतात.

पौर्णिमेची पालखी सकाळची. रात्रीच्या रथाचा आवेश इथे नसतो. दारोदार सडा-रांगोळी, ओवाळणी, गुलाल, भजन. बाया पालखीच्या वाटेवर पाणी घालतात आणि तापल्या रस्त्यावरून अनवाणी चालणारे वारकरी त्या ओल्या पट्ट्यावरून जातात. माझ्या मते हा यात्रेतला सगळ्यात सुंदर फोटो आहे, आणि तो खाली बसून, गुडघ्याच्या उंचीवरून घ्यावा. गुलाल मात्र धुळीपेक्षा बारीक असतो. कॅमेऱ्याला साधी प्लॅस्टिकची पिशवी बांधून लेन्सपुरतं भोक ठेवलं तरी काम भागतं.

पौर्णिमेनंतर दुकानं उठतात, पाळण्यांचे सांगाडे ट्रकवर चढतात आणि नवागामची माणसं परतीच्या गाडीला लागतात. माझं निम्मं काम इथून पुढे आहे. ज्याने ज्याने फोटो काढायला सांगितला त्याचं नाव, गाव आणि फोन नंबर मी वहीत लिहिलेला असतो. मोबाइलवर फोटो लगेच पाठवता येतो, तोही पाठवतो, पण कागदावर छापलेला फोटो वेगळा. चार बाय सहाचे प्रिंट उधन्याच्या लॅबमध्ये थोड्या खर्चात होतात. नवागामच्या गल्ल्यांत ते घरोघर द्यायला गेलं की चहा होतो, भिंतीवरचे जुने फोटो खाली उतरतात, कोणती यात्रा, कोणतं साल, यावर घरात वाद होतो. एका घरात आजोबा, वडील आणि मुलगा, तिघांचे वेगवेगळ्या काळातले फोटो एकाशेजारी एक लावलेले मी पाहिले. तिघेही ताठ, तिघांची नजर समोर, तिघांच्या अंगावर नवे कपडे. पहिल्यात मागे रंगवलेला बंगला, दुसऱ्यात सिनेमाचा नट, तिसऱ्यात माझ्याच फोटोतला एलईडीचा आकाशपाळणा. खान्देशातून सुरतेला आलेल्या एका कुटुंबाचा इतका नेमका इतिहास मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. मी काढलेल्यांपैकी सगळ्यात चांगले म्हणून मी जे जपून ठेवले होते, त्या बेसावध चेहऱ्यांच्या फोटोंपैकी एकही त्या भिंतीवर नव्हता.

यात्रेला जाऊ इच्छिणाऱ्यासाठी थोडी माहिती. वैशाख शुद्ध एकादशी ते पौर्णिमा हे दिवस साधारण एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या अखेरीपर्यंत कधीही येतात, कोणत्या वर्षी केव्हा ते पंचांगात पाहावं. सुरत-उधन्याकडून आणि जळगाव-भुसावळकडून रेल्वे आहे, धुळ्याहून आणि जळगावहून एसटी आहे. रथाच्या रात्री मुक्कामाला जागा मिळणं अवघड, म्हणून आधीच सोय करावी. टोपी, पाण्याची बाटली, मिठा-साखरेची पुडी, लेन्स पुसायला मऊ कापड एवढं सोबत असावं. समाधीजवळ आणि पालखीपुढे पायांत चप्पल घालू नये. मुलांचा फोटो आईबापांना विचारून घ्यावा. आणि वही-पेन विसरू नये.

प्रिंटच्या पैशांची तरतूद प्रवासखर्चातच करून ठेवावी. पन्नास फोटो छापायचे ठरवून गेलेला माणूस यात्रेत वेगळ्या नजरेने फिरतो. तो ओळख करून घेतो, नाव विचारतो, आजीने सांगितलं तर बूट दिसतील इतका मागे सरकतो. फोटो कोणाच्या घरी जाणार आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असलं की तो कसा काढायचा हे समोर उभं असलेलं माणूसच सांगतं. खान्देशच्या यात्रांना आणि सुरतेच्या वस्त्यांना असे खूप फोटोग्राफर हवे आहेत. कॅमेरे घरोघर आले आहेत, आता फोटो घरोघर पोचवणारे हवेत.